उपचारालाही तारीख हवी

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी स्वस्त आहे, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि लवकर गुण देते. या तिन्ही कारणांनी मला तिची काळजी वाटते. बार्शीत माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर रोज जुन्या चिठ्ठ्या येतात. घड्यांवर फाटलेल्या, शाई उडालेल्या, हल्ली तर चिठ्ठीऐवजी मोबाइलमधला फोटो. "ताई, मागच्या वेळी हीच लागू पडली होती, दहा गोळ्या द्या." असं म्हणणाऱ्यांत कुणाला दमा असतो, कुणाला सांधेदुखी. आणि काही जण दुकानातली गर्दी सरेपर्यंत बाजूला थांबतात, मग हळूच सांगतात, "परत रक्त पडायला लागलंय." त्यांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा निदान लिहिलेलं असतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मी त्यांना गोळ्या देत नाही, डॉक्टरांकडे परत पाठवते. काही जातात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

हा आजार मलाही आहे, पंधराएक वर्षांपासून. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी तो पाहिल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. या आजारात वर्षभरात स्टिरॉइडचा कोर्स दुसऱ्यांदा घ्यावा लागला, किंवा डोस कमी करत आणला की त्रास पुन्हा डोकं वर काढत असेल, तर चालू असलेला उपचार अपुरा पडतो आहे. तेव्हा तीच गोळी पुन्हा सुरू करून घरी जाऊ नये. बसून, शांतपणे, पहिल्यापासून फेरविचार व्हावा आणि तो रुग्णाने मागावा.

आधी आजाराबद्दल. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज तिथून सलग वर पसरते. कुणाची गुदाशयातच थांबते, कुणाचं अख्खं मोठं आतडं व्यापते. रक्त पडतं, आव पडते, दिवसातून आठ-दहा वेळा धावावं लागतं, रात्री कळ झोपेतून उठवते आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झालं असं वाटत नाही. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, राहणीमान आणि शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती असं सगळं यात गुंतलेलं आहे. ठेच्यामुळे किंवा शेंगाचटणीमुळे हा आजार होत असता, तर सोलापूर जिल्ह्यात एकही घर सुटलं नसतं. तरीही "तूच जिभेचे चोचले पुरवलेस" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक रुग्णाने ऐकलेलं असतं. बायकांनी तर जास्तच.

हा परदेशातला आजार, आपल्याकडे कुठला, असं समजण्याचं कारण नाही. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन पाहणी केली. २००३ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले होते. आपल्याकडे अडचण अशी, की रक्त पडलं की आधी मूळव्याध आठवते, आव पडली की जंत किंवा अमीबा. महिनोन् महिने मेट्रोनिडॅझोलचे कोर्स होतात, मोडाची मलमं होतात. दुर्बिणीची तपासणी होऊन आतड्याचा तुकडा तपासला जातो, तोवर रुग्णाचं रक्त आणि उमेद दोन्ही उतरलेली असतात. अशा थकलेल्या माणसाला स्टिरॉइड मिळतं आणि आठवड्याभरात रक्त थांबतं. त्या गोळीवर त्याचा जीव जडतो, यात नवल नाही.

स्टिरॉइडला मी शिव्या घालणार नाही. ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रूलव्ह आणि लेस्ली विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली कॉर्टिझोनच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हापासून या आजाराचं चित्र पालटलं. त्याआधी तीव्र झटक्यात बरीच माणसं दगावत. पण पुढच्या दहा वर्षांतल्या चाचण्यांनी दुसरी बाजूही दाखवली: शांत झालेला आजार शांत ठेवायला स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. गेल्या साठ वर्षांत हे बदललेलं नाही. त्याची किंमत मात्र शरीर मोजत राहतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, चेहरा सुजतो, झोप उडते, जंतुसंसर्ग वाढतो, दबलेला क्षय जागा होऊ शकतो. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर गावाला तारतो, पण दरवर्षी टँकर मागवावा लागला तर गावाने विहिरीचा विचार करायचा असतो. स्टिरॉइडही तसंच आहे. ते वेळ मिळवून देतं. त्या वेळात आजार दीर्घकाळ आवरून धरणारं औषध बसवायचं असतं.

इथे एक सूचना महत्त्वाची आहे. हे वाचून कुणी स्टिरॉइड एकदम बंद करू नये. काही आठवडे घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं, आणि अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. ते उतरत्या डोसनेच आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवायचं.

मग फेरविचार म्हणजे नेमकं काय? लगेच महागडं इंजेक्शन, असा अर्थ नाही. पहिला प्रश्न: ठरलेलं औषध खरोखर घेतलं जातं का, आणि पुरेशा मात्रेत? मेसालामाइन हे सौम्य ते मध्यम आजाराचं मुख्य औषध. दिवसाला अडीच ते पावणेपाच ग्रॅमपर्यंत ते दिलं जातं. म्हणजे मोठाल्या गोळ्या, रोज, वर्षानुवर्षं. बरं वाटलं की पहिल्यांदा सुटतात त्या याच. माझ्याकडे महिन्याची औषधं नेणारे रुग्ण तीन महिन्यांनी उगवतात, तेव्हा मला आकडेमोड करावी लागत नाही.

दुसरा प्रश्न विचारायला सगळेच संकोचतात. सूज गुदाशयापुरती असेल तर गुदद्वारातून ठेवायची मेसालामाइनची वडी पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा चांगलं काम करते. सूज डाव्या बाजूला वरपर्यंत असेल तर गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा सरस ठरतात. हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण काउंटरवर बाई उभी दिसली की पुरुष चिठ्ठीवरच्या त्या ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे राहू द्या, गोळ्याच द्या." बायका नवऱ्याला पाठवतात, नवरा तेवढंच नेमकं विसरतो. मग औषध लागू पडलं नाही असा शेरा बसतो आणि स्टिरॉइडची चिठ्ठी निघते. मी आता प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगते: रात्री झोपताना, डाव्या कुशीवर, पोट साफ करून आल्यावर. दोन मिनिटांचं काम आहे. लाजेपायी कुणी हाडं ठिसूळ करून घेऊ नयेत.

तिसरा प्रश्न: हा खरंच कोलायटिसचा जोर आहे, की त्यावर बसलेलं दुसरं काही? क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू, अमीबा, आधीच स्टिरॉइड घेणाऱ्यांत सायटोमेगॅलो विषाणू, हे सगळे अगदी असाच त्रास देतात. त्यांच्यावर आणखी स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. चौथा प्रश्न: गुडघा, कंबर, डोकं दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू आहे का? काही जणांचा आजार या वेदनाशामकांनी उसळतो, आणि ती तर आपल्याकडे चहाबरोबर घेतली जातात. पाचवा प्रश्न उलट दिशेचा आहे. आतडं आतून बरं आहे, तरी पोट बिघडतंय, असंही असू शकतं. तेव्हा तगडं औषध देऊन उपयोग नसतो.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एक साधी तपासणी देते. शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन मोजायचं. आतड्यात सूज असली की पांढऱ्या पेशींतून हे प्रथिन बाहेर पडतं. आकडा १५०च्या आत असेल आणि त्रासही नसेल, तर आजार बहुधा शांत आहे. तो २५०च्या वर जात राहिला तर सूज धुमसते आहे, रुग्णाला कितीही बरं वाटत असलं तरी. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२१ साली 'स्ट्राइड-२' या नावाने उपचारांची उद्दिष्टं नव्याने मांडली. आधी रुग्णाचा त्रास थांबावा, मग रक्तातले आणि शौचातले सुजेचे आकडे उतरावेत, आणि शेवटी दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर भरून आलेलं दिसावं, असा तो क्रम आहे. वाटेत एखादं उद्दिष्ट गाठता आलं नाही तर उपचाराचा फेरविचार करायचा, हेही त्यातच आलं.

प्रत्येक औषधाला गुण दाखवायला लागणारा काळ ठरलेला असतो. पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम दोन आठवड्यांत दिसायला हवा. मेसालामाइनला साधारण दोन ते चार आठवडे. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सावकाश काम करतं, त्याला तीनेक महिने द्यावे लागतात, आणि त्या काळात पांढऱ्या पेशी वारंवार तपासाव्या लागतात. आपल्याकडच्या काही लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकाचा असा प्रकार असतो की नेहमीच्या मात्रेनेही पेशी धोकादायक घसरतात. इन्फ्लिक्सिमॅब हे जैविक औषध सुरुवातीला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी शिरेतून देतात, आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा हिशेब मांडतात. हे आकडे डॉक्टरांना पाठ असतात. रुग्णाला ते कुणी सांगत नाही. माझी मागणी इथे सुरू होते: नवीन औषध लिहिताना चिठ्ठीवरच लिहा की याचा निकाल अमुक तारखेला पाहू, आणि त्या दिवशी हे सुधारलेलं नसेल तर पुढचं पाऊल हे असेल.

माझ्या बाबतीत हे घडलं म्हणून मी आज दुकानात उभी राहू शकते. मुलगा शाळेत जाऊ लागला त्या वर्षी माझा आजार दुसऱ्यांदा उसळला. स्टिरॉइड वीस मिलिग्रॅमच्या खाली आणलं की रक्त सुरू. सासूबाई कळवळून म्हणायच्या, "अगं, ती गोळी घेतली की बरी होतेस ना? मग कशाला पुण्याला खेटे घालायचे?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांना मी गोळीवर उठलेली दिसत होते. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न टाकला: वर्षभरात स्टिरॉइड किती वेळा झालं? मग त्यांनी जंतुसंसर्गाच्या तपासण्या केल्या, दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं, माझी कंबरदुखीची गोळी बंद केली आणि अझाथायोप्रिन सुरू केलं. दोन महिन्यांत माझ्या पांढऱ्या पेशी घसरल्या. औषध थांबवलं, पण मी खचले नाही, कारण असं झालं तर काय करायचं हे आधीच बोलून ठेवलेलं होतं. छातीचा एक्स-रे, क्षयाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी, काही लशी, आणि मग इन्फ्लिक्सिमॅब. टप्प्याटप्प्याने स्टिरॉइड संपलं. बार्शीहून पुण्याला जाताना कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या प्रत्येक थांब्यावर स्वच्छतागृह कुठे आहे हे मला तोंडपाठ होतं. आता एसटीत मी झोप काढते.

औषध बदलल्याने आयुष्य कसं बदलतं याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे. विशीच्या आतच त्यांना हा आजार जडला. २००७ साली एका वर्षातच त्यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं. नंतर जपानमध्ये मेसालामाइनची नवी गोळी आली, त्यांचा आजार आवाक्यात आला, आणि २०१२च्या डिसेंबरात ते पुन्हा पंतप्रधान झाले. त्यानंतर पावणेआठ वर्षं त्यांनी देश चालवला. २०२०च्या जूनमधल्या नेहमीच्या तपासणीत आजार परतण्याची चिन्हं दिसली, ऑगस्टमध्ये तो परतल्याचं नक्की झालं. तेव्हा जुन्या औषधाला नव्याची जोड दिली गेली आणि त्यांनी पद सोडलं. उत्तमातले उत्तम डॉक्टर दिमतीला असूनही हा आजार परततो. त्यामुळे तो परतला म्हणून रुग्णाने स्वतःला दोष देऊ नये. नियमित तपासणीत तो वेळेत दिसावा आणि दिसला की उपचार हलावा, एवढं हातात असतं.

काही वेळा मात्र तारखेची वाट पाहायची नसते. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ सालीच आखून दिलेली खूण आजही वापरली जाते: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि सोबत नाडी नव्वदच्या वर, किंवा १०० अंशांवर ताप, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथे शिरेतून स्टिरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी ठरवतात की हे पुरतंय का. पुरत नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, आणि तेही चाललं नाही तर शस्त्रक्रिया. म्हणजे आजार सगळ्यात उग्र असतो तेव्हा वैद्यकशास्त्र बहात्तर तासांत फेरविचार करतं. मग बाहेरच्या रुग्णाने तीच गोळी दोन-दोन वर्षं का घ्यावी?

शस्त्रक्रियेचं नाव काढलं की घरात रडारड सुरू होते. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी गुदद्वाराशी जोडण्याची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी १९७८ साली मांडली. आज ती आपल्या मोठ्या शहरांत होते. तिच्या स्वतःच्या अडचणी आहेत, पण औषधांनी हात टेकल्यावर वेळेत केलेली शस्त्रक्रिया उपचारच असते. उशिराने, रक्त आटल्यावर, घाईत केलेल्या शस्त्रक्रियेत धोका कितीतरी जास्त असतो. आणि ज्यांचा आजार शांत आहे त्यांनाही एक तारीख पाळायची आहे: त्रास सुरू होऊन आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी करायची, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहायची.

आता व्यवस्थेबद्दल. ओपीडीत पन्नास रुग्ण रांगेत असताना डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात, हे मला दिसतं. भूम-परांड्याकडून येणाऱ्या माणसाची रोजंदारी बुडते, तपासणीसाठी नमुना पुण्याला पाठवावा लागतो, त्याला काही हजार पडतात. स्टिरॉइडची पट्टी वीस-तीस रुपयांत मिळते. या हिशेबात स्टिरॉइड जिंकणारच. म्हणून कॅलप्रोटेक्टिनची तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी. विमा आणि सरकारी योजनांचं पाऊल बहुतेक वेळा रुग्ण दाखल झाल्यावरच पडतं. आतडं काढायचं ठरलं की पैसे मिळण्याची शक्यता असते, आतडं वाचवणाऱ्या रोजच्या औषधांना मात्र पैसे नसतात. हे उलटं गणित सुलटं करायला हवं. देशी बनावटीची पर्यायी जैविक औषधं आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आता पूर्वीपेक्षा स्वस्त झाल्या आहेत. या गोळ्यांनाही नागीण, क्षय, रक्ताच्या गाठी असे धोके आहेत, त्या तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली घ्यायच्या. पण पर्याय आहेत, आणि ते फक्त पुण्या-मुंबईच्या खिशाला परवडावेत हे बरोबर नाही. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे: जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड देऊ नका. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू द्या.

आणि रुग्णांना. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या. गेल्या बारा महिन्यांत स्टिरॉइड किती वेळा घेतलं. रोज किती वेळा जावं लागतं, त्यात रक्त किती वेळा. रात्री उठावं लागतं का. शेवटची दुर्बीण आणि शेवटची कॅलप्रोटेक्टिन तपासणी कधी झाली. तो कागद समोर ठेवून विचारा: "डॉक्टर, हे औषध पुरेसं आहे का हे आपण कधी आणि कशावरून ठरवायचं?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर मिळालं की तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि त्या दिवशी बरं वाटत असलं तरी जा.